हौसेचा डबा: आजारपणात सापडलेल्या सांगलीतल्या एका घराचा हिशेब

पार्श्वभूमी

बचत गटातल्या बायकांच्या घरखर्चाच्या वह्या लावून द्यायचं काम मी करते. त्यातल्याच एका घराची ही हकिकत आहे. घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज करून दिले आहेत.

घर सांगलीत कर्नाळ रस्त्याच्या बाजूला. सुवर्णावहिनी ४२ वर्षांच्या, घरीच शिवणकाम करतात. त्यांचे यजमान संजयराव ४८ वर्षांचे. त्यांचा स्वतःचा छोटा हत्ती, म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो होता. मार्केट यार्डातून हळदीची पोती आणि तासगाव भागातून बेदाण्याचे बॉक्स कोल्ड स्टोरेजला पोचवायचे. हंगामात हातात बऱ्यापैकी पैसा खेळायचा, पावसाळ्यात ओढ बसायची. घरात सासूबाई, बारावीतली प्राजक्ता आणि आठवीतला ओंकार.

या भागातल्या घरांचा हिशेब पुराशिवाय मांडता येत नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा घरात शिरलं. दुसऱ्या खेपेला शिलाई मशीन, वायरिंग आणि मागची भिंत गेली. ते उभं करायला पतसंस्थेचं कर्ज काढलं. त्याचा हप्ता अजून चालू आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये संजयरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मिरजेच्या रुग्णालयातला उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला, त्यामुळे घर तेव्हा वाचलं. पण घरी आल्यावर रोजची औषधं आणि घरी येणारा फिजिओथेरपिस्ट हा खर्च त्यांच्या खिशातूनच सुरू झाला. जानेवारीत टेम्पो विकला, त्यावरचं कर्ज फेडलं आणि जे उरलं ते बँकेत ठेवलं. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती सप्टेंबर २०२४ मध्ये. तोवर त्यातले ६२,००० रुपये शिल्लक होते.

अडचण

वही उघडली तेव्हा महिन्याचं चित्र असं होतं. शिवणकामाचे सरासरी ८,५०० रुपये. धाकट्या दिरांकडून, म्हणजे पुण्यातल्या भाऊजींकडून, २,५०० रुपये. आणि लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये, जे नुकतेच वहिनींच्या खात्यात जमा व्हायला लागले होते. (कुटुंबात कुणाच्या नावावर चारचाकी असली तर ही योजना मिळत नाही. टेम्पो नावावरून गेला होता म्हणून अर्ज बसला.) एकूण १२,५००.

खर्चात किराणा आणि भाजी ४,२००, दूध ९००, औषधं १,८००, फिजिओथेरपी १,६००, पतसंस्थेचा हप्ता २,१००, लाईट आणि गॅस १,३००, मोबाईलचे रिचार्ज ४००, मुलांचं येणंजाणं आणि वह्यापुस्तकं ९००. एकूण १३,२००. म्हणजे कागदावर दरमहा ७०० रुपयांची तूट, जी टेम्पोच्या पैशातून भरून निघायला हवी होती.

प्रत्यक्षात बँकेतून दरमहा १,८०० च्या आसपास जात होते. मधले ११०० रुपये कुठं जातात, याचं उत्तर घरात कुणाकडंच नव्हतं. त्यावरून रोज धुसफूस चालायची. सासूबाईंचा संशय ओंकारवर, ओंकारचा राग आईवर, आणि वहिनी गप्प.

वहीत शेवटपर्यंत पाहून त्यांनी मला एवढंच विचारलं, “ताई, ह्यात माझं कुठं लिहायचं ओ?” आधी मला वाटलं, त्यांचं म्हणजे शिवणकामाचं सामान, दोरे, हूक. तसं नव्हतं. झटका आल्यापासून त्यांनी स्वतःवर ठरवून एकही रुपया खर्च केला नव्हता. रात्री दोनदा उठून संजयरावांना कूस बदलून द्यायची, पहाटे पाणी भरायचं, दिवसभर मशीन. पाठ दुखायची, त्याला मालिशचं तेल. दाढ दुखायची, त्याला लवंग. डोळ्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं, तर सुईत दोरा ओवायला प्राजक्ताला हाक.

नेमकं काय गळत होतं

ते ११०० रुपये शोधायचे ठरलं. एक महिना प्रत्येकानं लपवाछपवी न करता लिहायचं आणि लिहिलेल्यावरून कुणी कुणाला बोलायचं नाही, एवढा एकच नियम. सासूबाईंचं प्राजक्ता लिहून घेणार होती.

पहिल्या आठवड्यात कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात प्राजक्तानं सुरुवात केली. कॉलेजातून येताना मैत्रिणींबरोबर पाणीपुरी, दोनदा. मग ओंकारचे दहा-दहा रुपयांचे कुरकुऱ्यांचे पुडे निघाले, जवळपास रोजचे. संजयरावांनी शेजारच्या पोराकरवी मागवलेली तंबाखू निघाली. सासूबाईंचं पान-सुपारी आणि संकष्टीला गणपतीपुढचा नारळ. भाऊजी आले की त्यांच्यासाठी आणलेला फरसाण आणि पेढे. आणि वहिनींच्या नावावर महिनाअखेरीस २४० रुपये. त्यातले बरेचसे उसवून परत शिवलेल्या ब्लाऊजसाठी स्वतःच्या पैशानं अस्तर आणण्यात गेलेले.

बेरीज १,०७० झाली. कुणीही चैन केलेली नव्हती. प्रत्येकानं आपापल्या परीनं दिवस ढकलायला काहीतरी घेतलं होतं आणि ते बाकीच्यांपासून लपवलं होतं. लपवून खाल्लेल्या पाणीपुरीची चव लागत नाही, मागे फक्त खंत राहते, असं प्राजक्ता म्हणाली. माझ्या कामात ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. संकटात घर पहिल्यांदा हौसेवर काट मारतं. काट कागदावरच राहते, पैसे जायचे तिथं जातातच, आणि ज्या कारणानं गेले ते समाधान मात्र मिळत नाही.

समोर असलेले पर्याय

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सगळ्यांना एकत्र बसवलं. संजयराव खाटेवर, बाकीचे खाली. चार मतं पुढं आली.

सासूबाईंचं मत सरळ होतं. पतसंस्थेचं कर्ज फिटेपर्यंत काही नको. भाऊजींचंही फोनवर हेच म्हणणं पडलं. या मताला मी हलकं समजत नाही. ज्यांनी दोन पूर पाहिले त्यांच्या लेखी हातात पैसा असणं म्हणजे जीव असणं. पण कर्जाची अजून २६ महिन्यांची मुदत शिल्लक होती आणि “काही नको” हा नियम दहा महिने पाळून झाला होता. त्याचा निकाल त्या १,०७० रुपयांच्या यादीत समोर होता.

प्राजक्ताचं म्हणणं, ज्या महिन्यात शिलाई जास्त होईल त्या महिन्यात थोडं खर्चू. ऐकायला शहाणपणाचं. पण शिलाई जास्त येते ती गौरी-गणपती, दिवाळी आणि लग्नसराईत, जेव्हा वहिनींना श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि जेव्हा काम नसतं, मन खचलेलं असतं, तेव्हाच हातात काही नाही. म्हणजे गरज एका महिन्यात आणि सोय भलत्याच.

तिसरा पर्याय फुकटातल्या गोष्टींचा. आमराईत फिरायला जा, घाटावर बसा, सकाळी गणपतीच्या देवळात जा. याला पैसे लागत नाहीत हे खरं, पण वेळ लागतो, आणि वहिनींकडं नेमका तोच नव्हता. त्या घरातून तासभर बाहेर पडायच्या तर संजयरावांजवळ कुणीतरी थांबायला हवं. फुकटचा आनंद सुचवणारे बहुतेक लोक हा मुद्दा विसरतात.

चौथा पर्याय मी मांडला. दरमहा एक ठरलेली छोटी रक्कम, हप्त्यासारखीच महिन्याच्या सुरुवातीला बाजूला काढायची, प्रत्येकाच्या नावानं वाटायची, आणि आपल्या वाट्याचं कोण कशावर खर्चतो हे विचारायचं नाही. वहिनींनी त्याला लगेच नाव दिलं, हौसेचा डबा.

पहिला निर्णय: चष्मा हौसेत धरायचा का?

हा प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण इथं मोठा गोंधळ होता. स्वतःसाठी काय काय हवंय, असं विचारल्यावर वहिनींनी जी यादी केली तिच्यात चष्मा, दाढ, पाठीचा पट्टा, गजरा, आणि “हॉटेलात बसून चहा” हे सगळं एकाखाली एक होतं. त्यांच्या मनात हे सगळं एकाच जातीचं, म्हणजे “माझ्यासाठीचं”, आणि म्हणून नंतरचं.

चष्म्याचा हिशेब आम्ही तिथंच मांडला. जवळचं न दिसल्यामुळं सप्टेंबरात सहा ब्लाऊज उसवून परत शिवावे लागले होते. एका बाईंचा कापडाचा तुकडा कटोरीला चुकीचा कापला गेला, त्यांना नवं कापड घेऊन दिलं. अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई त्या ३०० रुपये घेतात. म्हणजे एका महिन्यात वाया गेलेल्या वेळात चष्मा सहज आला असता. शिवणारीच्या डोळ्यावरचा चष्मा म्हणजे मशीनच्या सुईसारखं अवजार. सुई मोडली तर नवी आणायला ती कुणाची परवानगी घेत नाही.

मग यादीचे दोन भाग केले. चष्मा आणि दाढ थेट टेम्पोच्या पैशातून, त्याच आठवड्यात. डोळे सिव्हिलमध्ये तपासले, चष्मा बाहेर ८५० रुपयांत झाला. दाढ सिमेंट भरून वाचली. पाठीचा पट्टा डॉक्टरांनीच नको म्हणून सांगितलं. त्यांनी झोप वाढवायला सांगितली. त्यावर घरात ठरलं, की शुक्रवारी आणि शनिवारी रात्री बाबांची कूस बदलायला प्राजक्ता आणि ओंकार उठतील. याला एक रुपयाही लागला नाही आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणात वहिनींच्या तब्येतीला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

उरलं ते गजरा आणि चहा. ती खरी हौस.

दुसरा निर्णय: पैसे आणायचे कुठून?

दोन जागा सापडल्या. एक म्हणजे रिचार्ज. घरात तीन फोन होते, सासूबाईंच्या फोनवर फक्त येणारे कॉल. तिथला प्लॅन बदलून महिना १५० वाचले.

दुसरी जागा औषधांची. संजयरावांची रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी बाहेरच्या दुकानातून नावाजलेल्या कंपनीची येत होती. डॉक्टरांना विचारून तीच औषधं जनऔषधी केंद्रातून घ्यायला सुरुवात केली. एक गोळी तिथं नेहमी मिळत नाही, ती अजूनही बाहेरून येते. तरी १,८०० चे १,२५० झाले. इथं आवर्जून सांगते, हा बदल डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून केला. रक्त पातळ ठेवायच्या गोळीचा घोळ झाला तर पुन्हा झटका येऊ शकतो. पैसे वाचवायला स्वतःच्या मनानं गोळी बदलू नये, अर्धी करू नये.

आता वाद इथं सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, “औषधातनं वाचलेलं औषधालाच ठेवा. त्याच्या गोळीच्या पैशाचा गजरा माळायचा व्हय?” खोलीत कुणी बोलेना. त्यांचं म्हणणं चूक ठरवण्यासारखं नव्हतं. मला वाटतं, घराघरात हौसेचा प्रश्न अडतो तो रकमेवर नाही, या भावनेवर अडतो. एकाचं दुखणं चालू असताना दुसऱ्यानं सुखाचा घास खावा का?

उत्तर संजयरावांकडून आलं. त्यांचं बोलणं तुटक होतं, प्राजक्ताला ते चांगलं कळायचं. ते म्हणाले, “हिला... काढा. हिला आधी.” त्यावर सासूबाईंनी पुढं विरोध केला नाही, मात्र त्यांच्या समाधानासाठी एक बदल केला. हौसेचे पैसे औषधातून वाचलेले असं न धरता, शिलाईच्या कमाईतून पहिले सहाशे बाजूला काढायचे. हिशेब तोच राहतो, पण कशाचे पैसे कशाला गेले हे मनाला पटायला हवं, आणि त्याला मी फालतू समजत नाही.

एक सूचना मी मात्र मोडून काढली. फिजिओथेरपीच्या महिन्याला आठ खेपा होत्या, त्या पाच करून पैसे वाचवू, असं भाऊजींनी सुचवलं होतं. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हातापायात जी सुधारणा होते ती पुढं तेवढ्या वेगानं होत नाही, आणि संजयराव आधाराशिवाय उभं राहण्याच्या बेतात होते. त्या खेपांना हात लावायचा नाही असं ठरलं.

तिसरा निर्णय: वाटे आणि नियम

सहाशेचे वाटे असे पडले: वहिनी २००, प्राजक्ता १२०, संजयराव १००, ओंकार १००, सासूबाई ८०. वहिनींचा वाटा मोठा, कारण घर त्यांच्या अंगावर उभं होतं. हे मोठ्यानं बोलून ठरवलं, ओंकारसमोर.

रोख रक्कम पाच छोट्या डब्यांत. फोनवरून पैसे पाठवायची सोय घरात होती, पण हौसेला रोखच बरी असं आमचं ठरलं. डबा रिकामा दिसला की प्रश्न संपतो.

नियम तीनच. विचारायचं नाही. उसनं घ्यायचं नाही. आणि एखाद्यानं आपले पैसे पुढच्या महिन्यासाठी ठेवले तर ते त्याचेच, घरखर्चात ओढायचे नाहीत. तिसरा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. बायका आपल्या वाट्याचे पैसे साठवतात आणि पंधरा तारखेला गॅस संपला की तेच पहिले जातात. म्हणून वहिनींना मी सांगून ठेवलं, की तुमचे दोनशे महिन्याच्या आत तुम्हीच संपवायचे.

काय घडलं

वहिनींनी पहिल्या शुक्रवारी काय केलं ते त्यांनी मला नंतर सविस्तर सांगितलं. गणपतीच्या देवळात जाऊन आल्या, बाहेर मोगऱ्याचा गजरा घेतला, आणि परत येताना एका साध्या हॉटेलात शिरल्या. एकट्या. कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या. चहा आणि कांदाभजी मागवली. पोऱ्यानं फडक्यानं टेबल पुसलं, पाण्याचा ग्लास ठेवला, मग चहा आणून ठेवला. “कुणीतरी माझ्यापुढं कप आणून ठेवला ओ ताई. किती वर्षांनी.” भजी अर्धी खाऊन झाल्यावर उरलेली कागदात बांधून घरी नेली नाही. हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. नेहमीप्रमाणे हात बांधायला गेला होता, पण त्या थांबल्या आणि उरलेली भजीही तिथंच बसून संपवली.

संजयरावांनी शंभर रुपयांत न्हावी घरी बोलावला. झटका आल्यापासून वहिनीच त्यांची दाढी करायच्या, घाईघाईत, कधी कापायचं. न्हाव्यानं खाटेवरच पाठीमागं उशी लावून दाढी केली, मिशा कोरल्या, मानेला मालिश करून दिली आणि मार्केट यार्डातल्या चार बातम्याही सांगितल्या. त्यांची तंबाखू मात्र सुटली नाही. डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे, आणि डब्यातले पैसे तंबाखूला वापरता येणार नाहीत एवढी एकच अट घरच्यांनी “विचारायचं नाही” या नियमाला जोडली. प्रमाण कमी झालं, बंद झालं नाही.

ओंकारनं पहिल्याच रविवारी शंभरच्या शंभर गाडीवरच्या चायनीजवर घालवले आणि उरलेला महिना तोंड पाडून बसला. दुसऱ्या महिन्यात चार आठवड्यांत वाटून खाल्लं. प्राजक्तानं तीन महिन्यांचे साठवून कुर्त्याचं कापड आणलं. सासूबाईंनी पहिले दोन महिने ८० रुपये जसेच्या तसे परत केले. नियमाप्रमाणे ते परत घेतले गेले नाहीत. तिसऱ्या महिन्यात त्यांनी भडंगाचा पुडा आणि विड्याचं पान मागवलं.

भाऊजींचा प्रसंग

नोव्हेंबरच्या शेवटी भाऊजी सांगलीत आले होते. स्टँडवरून येताना त्यांनी वहिनींना त्या हॉटेलात एकटीला बसलेलं पाहिलं. काही बोलले नाहीत, घरी आल्यावर सासूबाईंजवळ बोलले. मी पोट मारून अडीच हजार पाठवतो आणि इथं हॉटेलं चालू आहेत, असा सूर होता. एव्हाना आळीतही कुणीतरी “नवरा अंथरुणावर नि हिला गजरा सुचतोय” असं म्हणून झालं होतं.

वहिनींनी दोन दिवस डब्याला हात लावला नाही. मग त्यांनी भाऊजींसमोर वही ठेवली. सहाशेची ओळ, ती शिलाईतून काढल्याचा उल्लेख, आणि त्याआधीची १,०७० ची यादी. भाऊजींनी वही नीट पाहिली. पुढच्या महिन्यापासून त्यांनी २,५०० ऐवजी २,००० पाठवायला सुरुवात केली. कारण सांगितलं नाही. त्यांच्याही घरी मुलाची फी होती, त्यामुळे रागानं केलं की अडचणीनं, हे आजही वहिनींना ठाऊक नाही.

मदत घेणाऱ्यानं आनंदात दिसू नये, ही अपेक्षा आपल्याकडं फार खोलवर आहे. दिलेला पैसा पोटाला लागावा असं देणाऱ्याला वाटणं स्वाभाविक आहे. पण आजाऱ्याची सेवा वर्षानुवर्षं करणारी बाई कोलमडली तर देणाऱ्याच्या अडीच हजारांनी काय सावरणार होतं? मला हा मुद्दा वहिनींची बाजू घेऊन मांडावासा वाटतो आणि मी तो भाऊजींनाही फोनवर सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

दिवाळीनं मोडलेली घडी

त्याआधी दिवाळीत बेत फसला होता. महिन्याच्या सहाशेत सण बसत नाही, हे साधं गणित कुणी मांडलं नव्हतं. फराळाचं सामान, ओंकारचे फटाके, दोन कपडे आणि भाऊबीजेचं देणंघेणं मिळून २,३०० रुपये टेम्पोच्या पैशातून गेले. दिवाळीची शिलाई चांगली झाली होती, पण तिचे पैसे गिऱ्हाइकांकडून यायला नोव्हेंबर उजाडला. त्या महिन्यात डबे वेळेवर भरले गेले नाहीत आणि ओंकारला वाटलं, सगळं बंद पडलं.

डिसेंबरात वेगळा सणाचा डबा सुरू केला. गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या प्रत्येक अस्तराच्या ब्लाऊजमागं २० रुपये त्यात. लग्नसराईत तो आपोआप भरतो.

निष्पत्ती

चष्म्यानंतर उसवून शिवण्याचं काम जवळजवळ थांबलं. हिवाळ्यात शिलाई ९,००० च्या वर गेली आणि एप्रिल-मे २०२५ च्या लग्नसराईत महिन्याला ११,००० च्या आसपास. वहीत न येणारा खर्च ११०० वरून अडीचशेच्या जवळ आला, शून्यावर आला नाही. पहिल्या तीन महिन्यांत, दिवाळी सोडली तर, बँकेतून दरमहा ८५० च्या जवळपास जायचे. भाऊजींचे पाचशे कमी झाल्यावरही शिलाई वाढल्यामुळं ते भागलं. मेअखेर ६२,००० पैकी ५५,००० शिल्लक होते. आधीच्या चालीनं तेच ४६,००० च्या आसपास आले असते.

संजयराव काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. समोरच्या खोलीत बसून शिलाईचे फोन घेतात, कुणाचं माप कधी दिलं ते सांगतात. वहिनींची पाठ अजून दुखते. शुक्रवार-शनिवारची रात्रपाळी प्राजक्ताच्या बारावीच्या परीक्षेत बंद पडली होती, ती परत सुरू व्हायला एप्रिल उजाडला, आणि त्या दोन महिन्यांत वहिनींची चिडचिड पुन्हा वाढल्याचं सगळ्यांनी पाहिलं.

काय वेगळं करता आलं असतं

डोळे आणि दात यांची तपासणी झटक्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतच व्हायला हवी होती. रुग्णालयात रोज जाणं होत असताना सेवा करणाऱ्या माणसाची तपासणी त्याच खेपेत उरकते. नंतर त्यासाठी कामाचा खाडा करून जावं लागतं.

भाऊजींना वही ऑक्टोबरातच दाखवली असती तर हॉटेलातल्या चहाचा अर्थ त्यांना वेगळा लागला असता. जो घरात पैसे घालतो त्याला हौसेची ओळ आधी माहीत असावी. परवानगीसाठी म्हणून नव्हे, पण त्याला ती रस्त्यात दिसू नये म्हणून.

संजयरावांच्या शंभर रुपयांचं काय करायचं हे पहिल्या बैठकीत बाकीच्यांनीच ठरवून टाकलं होतं. फळं आणायची असं ठरलं होतं. ते बोलायला वेळ घेत होते म्हणून कुणी थांबलं नाही. न्हावी हवाय हे त्यांनी प्राजक्ताला दोन दिवसांनी सांगितलं. आजाऱ्याचा डबा आजाऱ्याच्या हाताशी ठेवावा, आणि उत्तर यायला लागेल तेवढा वेळ द्यावा.

सणाचा डबा आषाढातच लावायला हवा. श्रावणापासून खर्चाची रांग लागते.

आणि रात्रपाळीला पर्याय आधी शोधून ठेवायला हवा. परीक्षा कधी येणार हे सगळ्यांना वर्षभर आधी माहीत असतं. शेजारच्या एक आजी शनिवारी दुपारी दोन तास बसायला तयार झाल्या आहेत. त्या बदल्यात वहिनी त्यांची परकर-ब्लाऊजची शिलाई करून देतात. ही सोय मार्चमध्येही जमली असती.

सध्याची स्थिती

जून २०२५ मध्ये शिलाई ५,५०० वर आली. लग्नं संपली, पाऊस लागला, नदीच्या पातळीकडं सगळ्यांचं लक्ष. वहिनींनी विचारलं, या महिन्यात डबे बंद ठेवू का? घरात बसून ठरलं, की रक्कम निम्मी करायची, पण कुणाचाही डबा रिकामा ठेवायचा नाही. तीनशे रुपये. वहिनींना शंभर, प्राजक्ताला साठ, संजयरावांना आणि ओंकारला पन्नास-पन्नास, सासूबाईंना चाळीस. संजयरावांचा न्हावी शंभर घेतो, म्हणून ते दोन महिन्यांतून एकदा बोलावतील आणि मधल्या महिन्यात ओंकार दाढी करून देईल. ऑगस्टपासून गौरी-गणपतीचं काम सुरू झालं की परत सहाशे. प्राजक्ता यंदा कॉलेज सांभाळून संध्याकाळी दोन शिकवण्या घेणार आहे. तिची कमाई आल्यावर तिचा वाटा डब्यातून काढायचा की तसाच ठेवायचा, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. सासूबाई म्हणतात, ठेवायचा.